निलेशची दोनशे त्रेसष्ट लग्नं

माझ्या पुतण्याचं लग्न एका रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी एकशे तीस मुली आणि एकशे तेहतीस मुलांशी ठरलं. त्या एकशे तेहतिसांत तो स्वतःही होता. हे सगळं मी एकटीनं जुळवलं, कुणाचीही मदत न घेता, जळगावच्या आमच्या स्वयंपाकघरात, कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत!

जरा मागे जाऊन सांगते. (फार मागे नाही. मला एका जागी थांबवत नाही, हाच तर माझा आजार आहे.)

आमचे आबा, म्हणजे माझे थोरले दीर, धुळ्याला असतात. समाजाचा वधू-वर मेळावा दरवर्षी तेच भरवतात. लग्नाच्या मुलामुलींची सगळी माहिती ते एका जाडजूड वहीत लिहायचे. ती वही ते उशाशी घेऊन झोपायचे, त्यामुळे माझ्या जाऊबाई, म्हणजे अक्का, तिला ‘माझी सवत’ म्हणायच्या. इकडे माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली, हे दिवसभर दुकानात, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी माझे हात नुसते वळवळायला लागले. मी वेबसाइट बनवायचा ऑनलाइन क्लास लावला. तीन महिन्यांत मला पानं रंगवता यायला लागली, सहा महिन्यांत डेटाबेस आला आणि सातव्या महिन्यात अक्कल गेली, कारण मी आबांना म्हणाले, “द्या ती वही इकडे!”

“म्हणजे वही नाही राहणार?” आबांनी विचारलं.

“राहणार ना! पण सर्व्हरवर. ब्राउझर म्हणजे नुसती खिडकी. माणूस खिडकीतून विचारणार, सर्व्हर वहीत बघून सांगणार.”

“मग सर्व्हर म्हणजे मीच की.”

“हो, पण तो चोवीस तास जागा असतो.”

“मीपण असतो,” आबा म्हणाले. “तुझी जाऊ घोरते.”

पण वेबसाइट झाली, आणि खरं सांगते, देखणी झाली. गाव निवडलं की पान जागचं न हलता खालची यादी बदलायची. कुणी नवीन नाव भरलं की दहा सेकंदांत ते सगळ्यांच्या पडद्यावर आपोआप उमटायचं. आणि माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे, कुणाची स्थिती ‘शोध सुरू’वरून ‘लग्न ठरलं’ झाली की त्या घरी आपोआप मेसेज जायचा: ‘अभिनंदन! आपल्या घरचे लग्न ठरले आहे. जोडीदार:’ आणि पुढे नाव. हा भाग लिहिल्यावर मी घरात तीन फेऱ्या मारल्या होत्या, आनंदानं.

तर तो रविवार. अकराला धुळ्यात मेळावा. ज्यांची लग्नं जुळली त्या जोड्यांचा सुरुवातीला सत्कार, आणि मागे मोठ्या पडद्यावर माझी वेबसाइट! अकरा जोड्या होत्या. बारावी होती आबांच्या निलेशची आणि चाळीसगावच्या ऋतुजाची. आठच्या सुमाराला आबांचा फोन आला.

“वैशाली, ऋतुजाच्या नावापुढे अजून ‘शोध सुरू’च दिसतंय! चाळीसगावचे नाना येणार आहेत. मुलीच्या बापाला काय वाटेल?”

“करते, आबा. दोन मिनिटं.”

पानावरचं बटण नेमकं त्या दिवशी चालेना. साडेआठची बस पकडायची होती, हे दारात चपला घालून उभे होते, कुकर गॅसवर होता. मी म्हटलं, बटण गेलं खड्ड्यात, थेट डेटाबेसलाच हुकूम सोडू. लिहिलं: यादीत ‘स्थिती’च्या जागी ‘लग्न ठरलं’ कर आणि ‘जोडीदार’च्या जागी ‘निलेश’ लिही. ह्यापुढे एक ओळ लिहायची असते, ‘वेअर’ ह्या शब्दानं सुरू होणारी. हे नेमकं कुणाच्या नावापुढे करायचं, ते तिच्यात सांगायचं. ती ओळ लिहिणार, एवढ्यात कुकरनं दुसऱ्या शिट्टीसाठी फुसफुसायला सुरुवात केली. मी एंटर दाबलं आणि गॅस बंद करायला धावले.

परत आले तर पडद्यावर लिहिलं होतं, ‘२६३ नोंदी बदलल्या’. मला वाटलं, वा, आता एकूण नावंपण मोजून सांगतो!

पहिला फोन रिक्षात आला, तोही अहिराणीत.

“हॅलो, लगीन जुळवनारी बाई का?”

“हो, बोला ना.”

“मी पिंपळनेरतून बोली ऱ्हायनू. तुमना मेसेज उना. मन्ही पोरनं लगीन ठरनं म्हने!”

“अरे वा, अभिनंदन!” (मला खरंच आनंद झाला होता हो.)

“अभिनंदन काय! मना पोऱ्याना नावनाबी तोच मेसेज उना! भाऊ-बहीन दोन्हीस्ले एकच नवरदेव शे का?”

त्यांच्या पोरीला आणि पोराला, दोघांनाही निलेश! ‘वेअर’ची ओळ राहिली आणि हुकूम सगळ्यांनाच लागला, हे मला तेव्हा कळलं. तोवर दुसरा फोन वाजत होता, आणि त्याच्यामागे तिसरा. बोदवडच्या एक बाई विचारत होत्या की निलेश म्हणजे मुलगीच ना, आजकाल कसलीही नावं ठेवतात. अमळनेरचे एक गृहस्थ म्हणाले, “स्थळ चांगलं आहे, पण आम्हाला एकदा विचारायचं तरी!” बसमध्ये चढेपर्यंत मी अकरा जणांची माफी मागितली होती आणि एका माउलीला, बोलण्याच्या ओघात, साखरपुड्याची तारीख देऊन बसले होते.

मग खुद्द निलेशचा फोन.

“काकू, मला मेसेज आलाय. माझं लग्न माझ्याशी ठरलंय.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे शेंगदाणे खात होते. “त्याला सांग,” हे म्हणाले, “निदान स्थळ माहितीतलं आहे.”

मी मांडीवर लॅपटॉप उघडला, मोबाइलचं नेट जोडलं. बस जोरात, नेट हळू! एरंडोल आलं तसं तेही गेलं. मी उठून पुढे गेले, मागे आले, खिडकीबाहेर हात काढला, पुन्हा पुढे गेले.

“ताई, बसा ना,” कंडक्टर म्हणाला. “गाडी तुम्ही नाही चालवत.”

“मी चालवली असती तर लवकर पोचली असती!”

“तुम्ही आज काय काय चालवलंय ते ऐकतोय मी मघापासून,” तो म्हणाला. सगळी बस हसली. मागच्या सीटवरच्या आजींनी तर निलेशचं शिक्षण विचारून घेतलं.

तेवढ्यात आबांचा फोन लागला. आवाज एकदम खाली. त्यांचा आवाज खाली गेला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

“नाना आलेत चाळीसगावचे. बसा म्हटलं तर उभेच आहेत. पाणी दिलं, नको म्हणाले.”

सोयरिकीत पाणी नको म्हणणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. गंमत अशी की, नानांच्या मोबाइलवर आलेला मेसेज तेवढा अगदी बरोबर होता. पण हॉलमध्ये त्यांच्या आजूबाजूला बसलेल्या तिघांच्याही मोबाइलवर तोच होता. मला रडू यायला लागलं. निलेशला हे स्थळ मनापासून आवडलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा पोरगं कुणाबद्दल बोलताना लाजलं होतं, आणि त्याची काकू जळगाव-धुळे बसमध्ये बसून त्याचं लग्न मोडत होती.

पारोळ्याच्या स्टँडवर नेट मिळालं. बस दहा मिनिटं थांबणार होती. मला नऊ मिनिटं पुरली, तीच तर चूक! मी सगळ्यांच्या सगळ्या नोंदींवरून निलेश पुसून टाकला आणि सरसकट ‘शोध सुरू’ करून टाकलं. पडद्यावर ‘२६३ नोंदी बदलल्या’. ह्यांना म्हणाले, “झालं! सगळे मोकळे!”

“सगळे?” ह्यांनी शेंगदाणा हातातच धरला.

“सगळे!”

पारोळा सोडून वीस मिनिटं झाली आणि पुन्हा आबा. ह्या वेळी आवाज वर होता. मागे हॉलमध्ये गलका चालला होता, भांडी पडल्यासारखा.

“वैशाली, आता काय केलंस?”

अकरा जोडपी हार घालून स्टेजवर बसली होती. मागे मोठा पडदा. माझ्या त्या देखण्या वेबसाइटनं दहा सेकंदांत स्वतःला ताजं करून घेतलं होतं, आणि बावीसच्या बावीस नावांपुढे ‘शोध सुरू’ असं हिरव्या अक्षरात लुकलुकायला लागलं होतं. खाली गुलाबी बटण: ‘स्थळ पसंत आहे’. हॉलमधल्या कुणीतरी मोबाइलवरून ते दाबलंही होतं! चार दिवसांवर जिचं लग्न होतं, त्या मुलीला स्टेजवर, होणाऱ्या सासूदेखत, दोन नवीन स्थळं आली होती.

“पडदा बंद करा!” मी ओरडले.

“तो प्रोजेक्टरवाला नाश्त्याला गेलाय!”

हॉलवर पोचले तेव्हा मला दारातच नाना भेटले. उंच, पांढऱ्या मिशा, हातात छत्री. मी वाकून नमस्कार केला. ते शांतपणे म्हणाले, “बाई, मी अठ्ठावीस वर्षं रेल्वेत सिग्नल सांभाळला. एका रुळावर कधी दोन गाड्या सोडल्या नाहीत. तुम्ही दोनशे त्रेसष्ट सोडल्या!”

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी काहीतरी पुटपुटले: सर्व्हर, कुकर, बस. तेवढ्यात नानांच्या मागून ऋतुजा पुढे आली. डोळे लाल. मला वाटलं, रडली बिचारी. नीट बघितलं, तर हसून हसून लाल झाले होते.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “वेअर राहिलं ना?”

मी तिच्याकडे बघतच राहिले. “तुला कसं कळलं?”

“मी नाशिकला डेटाबेसचंच काम करते.”

(साखरपुड्यात मी ह्याच मुलीला अर्धा तास डेटाबेस म्हणजे काय ते समजावलं होतं. वही, खिडकी, सगळं. ती माझ्याकडे बघून ‘हो का, काकू?’ म्हणत होती!)

ती नानांकडे वळली. “नाना, ही एका शब्दाची चूक आहे. मीपण केलीय, कामाला लागले त्या पहिल्या महिन्यात. आमच्याकडे अख्ख्या कंपनीचा वाढदिवस एका दिवशी आला होता.”

नाना खुर्चीवर बसले. आबांनी तेवढ्यात पाण्याचा ग्लास पुढे केला. नानांनी ग्लासाकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि घेतला. आबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की माइकवर ऐकू आला.

ऋतुजानं माझा लॅपटॉप ओढून घेतला. “बॅकअप आहे?”

मी पंख्याकडे बघितलं.

“बरं. माझं आणि निलेशचं मी केलं. बाकीच्या अकरा जोड्या कोणत्या?”

ते फक्त वहीत होतं, आणि वही जळगावला, माझ्या कपाटात. मग आबांनीच माइक उचलला. “मंडळी! घाबरू नका. निलेश-ऋतुजा सोडून ज्यांचं ठरलंय त्यांनी हात वर करा!”

स्टेजवरचे हात वर आले. आबा मोजायला लागले. “वीस... बावीस... चोवीस?”

सगळ्या माना मागे वळल्या. दोन हात स्टेजवरचे नव्हतेच. एक पाचव्या रांगेतला, बोदवडच्या मुलाचा. दुसरा बायकांच्या बाजूला, शिरपूरच्या मुलीचा. दोघं माझ्याच वेबसाइटवर भेटले होते, चार महिने बोलत होते आणि घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. बहुतेक गडबडीत हात वर गेला. मुलाच्या आईनं त्याच्याकडे बघितलं, मग त्या हाताकडे, मग समोरच्या हाताकडे. “अरे, मी सकाळपासून तुझ्यासाठी पोरी बघत फिरतेय!” त्या म्हणाल्या, आणि सगळा हॉल टाळ्या पिटायला लागला. आबांनी जागच्या जागी त्यांना स्टेजवर बोलावलं आणि शिल्लक राहिलेला एकच हार अर्धा तोडून दोघांच्या गळ्यात घातला.

“काकू, आता माफीचा मेसेज तुम्ही पाठवा,” ऋतुजा म्हणाली. “मी नानांशी बोलून येते.”

ह्या वेळी मी पूर्ण शहाणी झाले होते. लिहिलं, ‘आपले लग्न निलेश यांच्याशी ठरलेले नाही. चुकीबद्दल क्षमस्व.’ आणि आठवणीनं, अगदी ठळक, ‘वेअर’ लिहिलं. त्यापुढे काहीतरी नाव हवं म्हणून समोर दिसलं ते टाकलं. मेसेज एकालाच गेला. स्टेजवर, नुकताच हार घालून बसलेल्या निलेशनं खिशातून मोबाइल काढला, वाचला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो ऋतुजाकडे बघतोय, ऋतुजा नानांशी बोलतेय, नाना मान हलवताहेत!

तिनं परत येऊन पडद्याकडे एकदा बघितलं, लॅपटॉप मिटला आणि तो बगलेत मारला. आजपर्यंत परत दिलेला नाही.

लग्न छान झालं, एकाशी एकच. वेबसाइट आता ऋतुजा सांभाळते आणि मी रिकामी झाले. लग्नाच्या दिवशी मांडवात मी इकडून तिकडे येरझाऱ्या घालतेय हे बघून आबांनी माझ्या हातात गुलाबपाण्याची चांदीची दाणी ठेवली.

“वैशाली, तू दारात उभी राहा. येईल त्याच्या अंगावर हलकंच शिंपड. ह्यात बिघडण्यासारखं काहीच नाही.”

मी पदर खोचला, दाणी उंच धरली आणि पहिल्याच पाहुण्यावर मन लावून शिंपडलं. नानांचे डोळे जेवणाच्या पंगतीपर्यंत उघडले नाहीत.