पार्लरच्या आरशावरचे त्रिकोण

पार्लरवाल्या काकूंचं गणिताशी वैर जुनं. दहावीला बाकीच्या विषयांनी त्यांना पुढे ढकललं आणि गणिताने पाय धरून मागे ओढलं. तेव्हा हातात कात्री आली ती आलीच. पुढे पार्लर नावारूपाला आलं, मुलाचं लग्न झालं आणि सून आली ती शाळेत गणित शिकवणारी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, असं काकू गिऱ्हाइकांना सांगत, तेही सुनेच्या देखत.

मग केस कापायला शिकवणाऱ्या एका संस्थेने काकूंना शिक्षिका म्हणून बोलावलं. अट एकच, दहावी पास. काकूंनी पुन्हा दहावीच्या गणिताचा फॉर्म भरला आणि पार्लरमध्येच सुनेची शिकवणी सुरू झाली. आम्ही डोक्याला रंग थापून बसलेल्या बायका, उठून जाणार कुठे? आम्हीही शिकलो.

"वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट आहे. दहा वर्षांनी ते दुप्पट होईल," सून वाचायची. "समजा, मुलाचं वय एक्स."

"समजायचं कशाला? त्याला विचार ना."

"आई, मुलगा इथे नाही."

"मग त्याच्या वयाशी मला काय करायचंय?"

शेवटी उत्तर निघालं. मुलगा दहाचा, बाप तिसाचा. म्हणजे हा विसाव्या वर्षीच बाप झाला, हे काकूंच्या लगेच ध्यानात आलं आणि त्या विषयावर त्या बराच वेळ बोलल्या. एका नळाने हौद भरत असताना दुसऱ्या नळाने तो रिकामा करणाऱ्या माणसालाही त्यांनी सोडलं नाही.

भूमितीत गाडी वेगळ्याच ठिकाणी अडली. दोन्हीकडचे केस नजरेनेच सारखे कापणारी बाई ती. आकृती पाहायची आणि म्हणायची, "सारखे आहेत, दिसतंय की. सिद्ध काय करायचं त्यात?"

एकदा त्यांनी ठणकावलं, "दोन बाजू सारख्या, एक कोन सारखा, झाले त्रिकोण एकरूप."

सुनेने भुवयांची पेन्सिल उचलली. आरशावर आडवी रेघ मारली, तिच्या डाव्या टोकाशी कोन करून एक तिरकी बाजू वर नेली. भुवया कोरायच्या दोऱ्याचं एक टोक त्या बाजूच्या शेंड्यावर दाबलं, दुसऱ्याला पेन्सिल बांधून कंस फिरवला. कंसाने खालची रेघ दोन ठिकाणी कापली.

"शेंडा या बिंदूला जोडला की एक त्रिकोण, त्या बिंदूला जोडला की दुसरा. कोन तोच, तिरकी बाजू तीच, दोऱ्याएवढी बाजूही तीच. पण एक लठ्ठ, एक किडकिडीत. कोन त्या दोन बाजूंच्या मधलाच हवा."

काकूंनी आधी लठ्ठ त्रिकोणावर बोट ठेवलं, मग किडकिडीत त्रिकोणावर. "म्हणजे माझे दोन दीर," त्या म्हणाल्या. "आई एक, बाप एक, आणि तरी बघ." पुढचं छापण्यासारखं नाही.

एवढं करूनही पहिल्या खेपेला काकू नापास झाल्या. दोष अर्थातच सुनेचा ठरला आणि अबोला सुरू झाला. सूनही काही कमी नव्हती. तिने सरळ समोरच्या पार्लरमध्ये जाऊन केस कापून घेतले. गल्लीभर बोभाटा झाला.

संध्याकाळी ती दारात आली, तेव्हा केसांची डावी बाजू चांगली बोटभर लांब राहिली होती. काकूंनी तिला पाहिलं. "बस," म्हणाल्या. तिच्या गळ्याभोवती कपडा गुंडाळला, केस ओले केले आणि मुकाट्याने कापायला लागल्या. मानेवरचे केस झटकताना त्यांना राहवलं नाही.

"माहेरी निघून गेली असतीस तरी चाललं असतं. पण समोर?"

"तुम्ही बोलत नव्हता. केस वाढत होते."

काकूंनी कात्री पुसून ठेवली. "उद्यापासून वर्तुळ घेऊ," म्हणाल्या.

पुढच्या खेपेला त्या पास झाल्या, अगदी काठावर. कुणीतरी तसं म्हणालंच. "काठावर तर काठावर," काकू म्हणाल्या, "बुडाले तर नाही."

आता सकाळी त्या संस्थेत शिकवतात आणि दुपारनंतर पार्लर उघडतात. रंग लावून बसलं की निवांत मासिक चाळता येतं. आम्हाला ते काही फारसं रुचत नाही.