टिटव्या हटवल्याचा रिपोर्ट

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते निपाणीच्या हुक्केरी मास्तरांचे. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, वडील हमाल. घरात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. मास्तरांनी मला मॅट्रिकपर्यंत आणलं, बेळगावच्या कॉलेजात स्वतः नेऊन घातलं आणि तिथं आपल्या बहिणीच्या घरी माझी राहायची सोय केली. आमच्या घराण्यातला मी पहिला बी. ए. मास्तर शास्त्र शिकवायचे. एका ग्रहणात त्यांनी सगळा वर्ग मैदानात उभा करून आम्हाला लाडू खायला लावले होते. कुणालाही काही झालं नाही. शकुन-अपशकुनाची भीती माझ्या मनातून गेली ती त्या दिवशी, आणि याचा मला फार अभिमान होता.

बासष्टच्या लढाईनंतर सैन्याला घाईनं अधिकारी हवे होते. मला इमर्जन्सी कमिशन मिळालं. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात सेकंड लेफ्टनंट म्हणून मी बंगळूरच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये रुजू झालो. वय तेवीस.

माझ्याकडे फील्ड फायरिंग रेंजचं काम आलं. रेंज के. आर. पुरम स्टेशनच्या पुढं सहा मैलांवर होती. फायरिंग पॉइंटच्या समोर बाराशे यार्डांवर एक लांब टेकाड. टेकाडापलीकडे डेंजर एरिया : खडकाळ माळ, एक कोरडा ओढा, ओढ्यात शिंदीची झाडी, आणि पुढं आटलेलं तळं. तीन इंची मॉर्टरचे गोळे टेकाडावरून जाऊन पलीकडे पडत. फायरिंग पॉइंटवरून पलीकडचं काही दिसत नसे. टेकाडावर लाल झेंडा आणि वायरलेस सेट घेऊन एक सेन्ट्री असे. त्यालाही ओढ्याचा तळ दिसत नसे.

रेंज हवालदार होते रामोजीराव. बंगळूरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले. घर मल्लेश्वरमला. मराठी बोलत, पण त्यात अर्धी कानडी. वय चाळिशीचं, दोन गोळ्यांच्या जखमा. रिक्रूट त्यांना उस्ताद म्हणत.

त्यांची एक पद्धत होती. पहिल्या राउंडआधी सगळा फायरिंग पॉइंट पाच मिनिटं गप्प बसवायचा. स्वतः टेकाडाकडे कान देऊन उभं राहायचं. पलीकडच्या माळावर टिटव्या होत्या. त्यातली एखादी ओरडत उठली की रामोजीराव हात वर करत.

"स्वल्प थांबा साहेब. अक्का ओरडायलीय."

मग एक जवान पलीकडे पाठवायचा. कधी सरपण वेचणारी बाई सापडे, कधी शेळ्या घेऊन आलेला म्हातारा, कधी गोळ्यांचं पितळ-लोखंड वेचणारे लोक. त्यांना हाकलून जवान परत येईपर्यंत वीस मिनिटं जात. कधी तिथं नुसतंच मुंगूस असे. तरीही वीस मिनिटं जातच.

रिक्रूटांमध्ये वेगळीच कुजबुज चाले. टिटवी ओरडली की कुणीतरी मरतं, असं त्यांच्या गावांकडे मानत. आमच्याकडेही मानत. ती ओरडली की काही पोरं खिशातला अंगारा कपाळाला लावत.

मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "रामोजीराव, तुमची अक्का मेजर साहेबांना डेली रिपोर्ट पण देते का?"

रिक्रूट हसले. रामोजीरावही हसले.

"रिपोर्ट मला देती साहेब. मेजर साहेबांस्नी मी देतो."

"आणि अक्कांचं रँक काय?"

"माझ्या वरचं, साहेब."

पुन्हा हशा. पण थांबण्याची पाच मिनिटं त्यांनी कमी केली नाहीत.

मे महिन्यात एका सकाळी एका घोरपडीपायी आमची पन्नास मिनिटं गेली. त्या दिवशी दोन प्लाटून गोळे न टाकता परत गेल्या. सेंटरवर बॅचमागून बॅच येत होती, प्रत्येक तासाचा हिशेब लागायचा. संध्याकाळी मेजर साहेबांनी मला बोलावलं.

"व्हॉट इज धिस? एक पक्षी माझं ट्रेनिंग थांबवतो?"

"सर, जवानांची अंधश्रद्धा आहे."

"मग तुम्ही ग्रॅज्युएट आहात ना? फिक्स इट."

मी रात्रीचं जेवण टाळून रिपोर्ट लिहिला. दीड पान. टिटवीबद्दलचा समज अशास्त्रीय आहे, रिक्रूटांचं धैर्य खच्ची होतं, वेळ वाया जातो, तरी रेंजवरचे पक्षी हटवावेत. मेजर साहेबांनी खाली एकच शब्द लिहिला : अप्रूव्ह्ड. मी एक प्रत मास्तरांना पाठवली. अधिकारी होऊन त्यांना हे कळवताना मला किती अभिमान वाटला ते वेगळं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी दहा रिक्रूट आणि बारा बोअरची बंदूक घेऊन माळावर गेलो. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. चार खडे गोळा करते, त्यात खड्यांच्याच रंगाची अंडी. शोधायला कठीण. मी पोरांना हातभर अंतरावर ओळीत उभं केलं आणि पाय घासत चालायला सांगितलं. बुटाखाली अंडं फुटलं की आवाज येतो. पहिल्या दोन घरट्यांवेळी पोरं दचकली. तिसऱ्यापासून शर्यत लागली.

माद्या डोक्यावर झेप घेत होत्या. एक जमिनीवर उतरून पंख मोडल्यासारखी फरफटत दूर जाऊ लागली, आम्ही तिच्यामागं जावं म्हणून. एक रिक्रूट तिच्यामागं खरंच गेला. बाकीचे हसत होते. मी तिला दहा पावलांवरून गोळी घातली. दुपारपर्यंत माळ गप्प झाला. एकोणीस पक्षी एका पोत्यात भरले. जे उरले ते तळ्यापलीकडे उडून गेले आणि परत आले नाहीत.

रामोजीराव टेकाडावर उभे होते. मी पोतं घेऊन वर आल्यावर त्यांनी पोत्याकडे पाहिलं.

"झालं, साहेब?"

"झालं. आता वेळेवर फायरिंग."

"सरी, बरं साहेब." मग म्हणाले, "पलीकडं आता कोण बघणार?"

"सेन्ट्री आहे ना."

मी त्यांना विचारायला हवं होतं की इतकी वर्षं टिटवी नेमकं काय बघत होती. एक प्रश्न. मला शकुन माहीत होता आणि शकुन खोटा असतो हेही माहीत होतं. त्यामुळं मला सगळंच माहीत आहे असं मी धरून चाललो.

पुढचे तीन आठवडे रेंजचं वेळापत्रक चोख चाललं. फायरिंग साडेसातला असे. रामोजीराव मात्र साडेपाचलाच सायकलवरून येऊ लागले. सायकल टेकाडाच्या मागं टाकायची आणि सगळा डेंजर एरिया पायी फिरून यायचं : माळ, ओढा, झाडी, तळ्याचा काठ. जे काम पक्षी बसल्या जागी करत होते त्याला त्यांना दीड तास लागे. सातच्या सुमारास घामानं भिजलेले माझ्यासमोर सॅल्यूट ठोकून उभे राहत. "रेंज क्लिअर, साहेब." ते कुठून येतात हे मी दोनदा पाहिलं होतं. कुणी सांगितलं म्हणून ते जात नव्हते, आणि मी त्यांना जाऊ नका असंही म्हटलं नाही. ते माझ्या सोयीचं होतं.

जूनच्या एका मंगळवारी इन्स्पेक्शन होतं. सकाळी सहाला मेसमध्ये मेजर साहेबांचा फोन आला. फायरिंग एक तास आधी, साडेसहाला. रामोजीराव तोवर रोजच्या फेरीला निघून गेले होते. त्यांच्याजवळ सेट नव्हता, वेळ बदलल्याचं त्यांना कळलं नाही. मी जीपनं रेंजवर पोचलो. सहा पंचवीस. मॉर्टर लागले होते.

मी सेट घेतला.

"हॅलो, सेन्ट्री. रेंज क्लिअर? ओव्हर."

"क्लिअर, सर. ओव्हर."

"हवालदार कुठे आहेत? ओव्हर."

थोडी खरखर. "मघा डावीकडे गेले होते, सर. परत गेले असतील. दिसत नाहीत. ओव्हर."

मी घड्याळ पाहिलं. सहा एकोणतीस. माळ अगदी शांत होता. तीन आठवड्यांपूर्वी अशी शांतता म्हणजे पलीकडे कुणी नाही, असा अर्थ होता. आता तिला काहीच अर्थ उरला नव्हता. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला ती शांतता बरी वाटली.

"नंबर वन मॉर्टर. एक राउंड. फायर."

नंतर नंबर टू. नंतर पुन्हा नंबर वन.

तिसऱ्या गोळ्यानंतर टेकाडावरून एक बाई धावत आली. डोक्यावरचा पदर सुटलेला, हातात विळा. सेन्ट्री तिला अडवत होता, ती त्याला ढकलून उतरत होती. ती कानडीत ओरडत होती : अण्णा, अण्णा.

"सीज फायर!"

ती गवत कापायला ओढ्यात उतरली होती. रामोजीरावांनी तिला शिंदीच्या झाडीत गाठलं आणि वरच्या वाटेनं पळायला सांगितलं. पहिला गोळा पडला तेव्हा ती टेकाडाच्या पायथ्याशी होती. ते मागं वळून झाडीत आणखी कुणी आहे का ते बघायला गेले होते.

आम्हाला ते सहा बेचाळीसला सापडले. छाती आणि मांडी. जिवंत होते. मी गुडघ्यावर बसलो. त्यांनी मला ओळखलं.

"आणि कोण नाही साहेब," ते म्हणाले. "क्लिअर."

जीप हॉस्पिटलला पोचायच्या आधी ते गेले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी चार दिवस चालली. मला दोन प्रश्न विचारले गेले.

"डेंजर एरिया पायी तपासण्याची लेखी ऑर्डर होती?"

"नो, सर."

"मग मृत हवालदार तिथं का गेला, याची तुम्हाला कल्पना आहे?"

"नो, सर."

पहिलं उत्तर खरं होतं. गवत कापणाऱ्या बाईचा जबाब घेतला नाही. ती बेकायदा रेंजवर आलेली सिव्हिलियन होती. निकाल असा झाला : हवालदार परवानगीशिवाय, स्वतःच्या इच्छेनं डेंजर एरियात गेला. अधिकाऱ्याचा दोष नाही. मेजर साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हार्ड लक. रेंज टायमिंग्ज आर एक्सलंट, बाय द वे."

सामान घेऊन मी मल्लेश्वरमला गेलो. रामोजीरावांच्या पत्नी चंद्राक्का दारात उभ्या राहिल्या. पेटी आत घेतली. मग विचारलं, "सगळे म्हणायलेत की त्यांचीच चूक. खरं काय साहेब?"

मी म्हटलं, "नियम तसा आहे, अक्का."

त्यांनी मान हलवली आणि मला कॉफी दिली. मी ती प्यायलो.

चार महिने मी वेळेवर फायरिंग घेतलं. माळावर पक्षी नव्हते. गावचे लोक येत राहिले, आणि त्यांना शोधायला आता मी माणसं पाठवत होतो. जवानांना ते शिक्षेसारखं वाटे. माणसाचा डोळा कंटाळतो, टेकाडामागं त्याला दिसत नाही, घाई असली की तो परत फिरतो. टिटवीचं तसं नव्हतं. ती आमच्यासाठी ओरडतच नव्हती. आपल्या अंड्यांसाठी ओरडत होती. तिला फायरिंगही ठाऊक नव्हतं आणि गवत कापणारी बाईही. पण ती तिथं तिच्या कामाला होती म्हणून त्या ओढ्यातली माणसं इतकी वर्षं जगली होती. रामोजीरावांना हे कळलं होतं. सांगायला त्यांच्याकडे शब्द एकच होता, अक्का. आणि तो ऐकून मी हसलो होतो.

ऑक्टोबरमध्ये मास्तरांचं पत्र आलं. माझा रिपोर्ट वाचून त्यांना आनंद झाला होता. त्यावर मी हे पत्र पाठवलं.

बंगळूर, ऑक्टोबर

ती. मास्तरांस सा. न.

तुम्ही माझं कौतुक केलंत. ते परत घ्या. तो रिपोर्ट फाडून टाका.

मी लिहिलं होतं की रेंजवरच्या टिटव्या अंधश्रद्धेमुळे अडथळा होत्या. ते खोटं निघालं. त्या पलीकडची माणसं दाखवत होत्या. मी त्यांची अंडी बुटांनी फोडली, पक्षी मारले, आणि त्यांचं काम हवालदार रामोजीराव पायांनी करू लागले. जूनमध्ये, ते ओढ्यात असताना, मी फायरची ऑर्डर दिली. ते वारले. त्यांनी आधी एका बाईला बाहेर काढलं होतं.

कोर्टासमोर मी म्हणालो, ते तिथं का गेले मला ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात मी ते लिहून कमांडंट साहेबांकडे दिलं. कागद परत आला. केस बंद झाली आहे, नव्यानं उघडणार नाही, असं त्यावर लिहिलं आहे.

काल मल्लेश्वरमला जाऊन चंद्राक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "हे तेव्हा सांगितलं असतं तर त्यांच्या भावानं खांदा दिला असता. चूक करून मेला म्हणून तो आलाच नाही." एवढं बोलून त्यांनी दार लावलं.

मास्तर, सरकारी कागदात त्यांच्या नावापुढं जे आहे ते मला बदलता आलं नाही. म्हणून खालचं वाक्य तुम्हाला पाठवतो. तुमच्याकडे ठेवा. कुठंतरी ते लिहिलेलं असायला हवं.

हवालदार रामोजीराव त्या सकाळी आपल्या कामावर होते.

आपला विद्यार्थी,
दत्ता