मी दान केलेला काना

माझी सून चाकणजवळच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. स्वादुपिंडाच्या कोणत्या भागात अन्न पचविणारी द्रव्ये किती असतात, हे ती पाहते. त्यासाठी शस्त्रक्रियेत काढलेल्या स्वादुपिंडाचा तुकडा लागतो आणि तुकड्यासाठी रुग्णाची सही. वर्षभर खेटे घातल्यावर एक रुग्ण मिळाला होता. सहीचे मराठी पत्रक तिने मला ‘सहज नजरेखालून घाला’ म्हणून दिले.

सहज काही करणे माझ्या स्वभावात नाही. संध्या आटोपून, देवाला नमस्कार करून मी लाल पेन उघडले. ‘स्वादुपिंडातील विकरांचे वितरण.’ विकर! एवढे शिकून साधा काना देता येऊ नये, याची मनःपूर्वक कीव करीत मी सात ठिकाणी ‘विकार’ केले. भाषेची सेवा घडल्याच्या आनंदात दोन घास अधिक जेवलो. सासऱ्याच्या दुरुस्त्या तपासण्याचा उद्धटपणा सुनेने केला नाही. पत्रक तसेच छापले.

रुग्ण निघोज्याचे वयस्क गृहस्थ होते. पिंपरीच्या एका रुग्णालयात त्यांनी पत्रक वाचले आणि परत दिले.

“माझा आजार काढून लोकांना वाटनार व्हय? न्हाई जमायचं, बाई.”

एन्झाइमला मराठीत विकरच म्हणतात, हे सुनेने मला घरी येऊन सांगितले. आवाज चढविला नाही, हीच मोठी शिक्षा. शस्त्रक्रिया दोन दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी समजूत घालण्यास मी जातीने गेलो. खाटेशेजारी बसून ‘वि’ उपसर्गापासून आरंभ केला. ‘कृ’ धातूपर्यंत पोहोचलो, तोच गृहस्थ सुनेकडे वळले.

“ताई, ह्ये गुरुजी तुमचंच का?”

“सासरे आहेत.”

“मंग त्यांना च्या प्यायला धाडा. आन् काय करायचंय ते तुमीच सांगा.”

मी आपण होऊन उठलो. दाराबाहेर ऐकू येत होते.

“काका, जेवण पचवणारा रस त्या पिंडात कुठं किती असतो, ते बघायचंय. काढलेला तुकडा फेकण्याऐवजी आम्हाला द्या.”

“एवढंच? मंग आसं लिवायचं की!”

“लिहिलंय,” म्हणत तिने पिशवीतून नवे पत्रक काढले. त्यावर सही झाली. वरिष्ठांकडून संमत करून घेऊन ते सकाळीच छापले होते म्हणे. त्यात विकर नव्हते, विकारही नव्हते. सरळ ‘पाचक रस’ होता. छापण्यापूर्वी ते मला दाखविण्याची चूक तिने पुन्हा केली नव्हती.