शेजारी कोण हवं?

मंडळी, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. लॅपटॉपच्या पंख्याच्या आवाजाने मजल्याची वामकुक्षी मोडते म्हणून मला गॅलरीतून घरात हाकलण्यात आलं. आणि मी काम कोणाचं करत होतो? याच मजल्याचं!

आमची लालबागची चाळ पडणार आहे. नव्या टॉवरमध्ये कोणाशेजारी कोण, हे ठरवायला मी एक ओपन सोर्स प्रोग्रॅम उतरवून घेतला. तो उत्क्रांतीसारखा चालतो. शेकडो वाटपं करून बघतो, वाईट गाळतो, चांगल्यांचा संकर करतो, पुन्हा गाळतो. त्यासाठी मी घरोघरी विचारलं होतं, शेजारी कोण हवं?

आज उत्तर आलं. सगळे खूश. फक्त तावडेकाकू एकट्या, पार टोकाला. प्रोग्रॅम चुकला असेल म्हणून तपासलं. चुकला नव्हता. काकूंचं नाव कोणीच घेतलं नव्हतं.

गिरणी संपात तावडेकाका संप मोडून कामावर गेले होते. काका कधीच वारले. चाळ अजून संपावर आहे.

मी काकूंना जाऊन विचारलं, "काकू, तू पण कोणाचं नाव नाही दिलंस?"

"कित्याक रे? कोणावर नाय म्हणूची पाळी कशाक आणूची?"

संपात आमची चूल थंड असायची, तेव्हा याच काकू पदराखाली झाकून भात आणून द्यायच्या. आम्ही दार लावून जेवायचो.

आणि मी शेजारी मागितला होता कॅरमवाला सावंत. प्रोग्रॅमला काय बोल लावणार, सांगा?

सावंत खोडला. तिथे तावडेकाकू लिहिलं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू केला.