उन्हाचा देव्हारा

चेरीचं लाकूड चहाडी करतं. नवं असताना ते फिकट गुलाबी असतं, आणि उजेडात राहिलं की काही महिन्यांत गडद तांबूस होतं. म्हणून जर्सी सिटीला दिराच्या घरात शिरल्याबरोबर मी सासूबाईंच्या आधी देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं. सनीव्हेलच्या माझ्या गराजमधून निघाला होता तसाच तो फिकट होता.

वर्षापूर्वी सासूबाईंसाठी तो मी स्वतः केला होता. चेरी रंध्याखाली छान गुळगुळीत होते, पण करवत जरा रेंगाळली की लाकूड लगेच करपतं. करपलेल्या फळ्या टाकून मी नव्याने कापल्या. वरून नुसतं तेल चोळलं. सासूबाईंना माझं सुतारकाम कधीच पटलं नव्हतं. निदान हा देव्हारा तरी त्यांनी मनापासून घेतला का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. व्हिडिओ कॉलवर "रोज तिथेच पूजा करते हो" म्हणायच्या. रोज? मग खिडकीशेजारी वर्षभर उभा राहून हा असा गोरापान कसा? नक्की क्लोजेटमध्ये पडून होता, आणि मी येणार म्हणून बाहेर काढला.

मी जवळ गेले तशी त्यांनी घाईघाईने फुलांची परडी देव्हाऱ्याच्या पायाशी सरकवली. झालं, माझी खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पूजा आटोपली तरी मी मुद्दाम तिथेच घुटमळले. माझ्या जाण्याची वाट बघून शेवटी त्यांनी कपाटातून एक जुनी सुती साडी काढली आणि सरावल्या हातांनी अख्ख्या देव्हाऱ्यावर पांघरली.

"आई, हे काय?"

"इथे ऊन येतं ना दिवसभर. तू एवढी खपलीस, रंग उडाला तर? काल तू येणार म्हणून काढून ठेवली होती." मग त्यांचा आवाज उतरला. "खाली डॅमेज झालंय गं. तिथे साडी पुरत नाही. तुला काय सांगू, म्हणून परडी ठेवली."

मी परडी उचलली. साडीच्या काठाखाली उघडी राहिलेली पट्टी गडद तांबूस, देखणी झाली होती. माझे डोळेच भरून आले.

"आई, हे डॅमेज नाही. चेरीला उन्हात असाच रंग चढतो. साडी काढून टाका."

सासूबाईंनी आधी पट्टीकडे, मग माझ्या भरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"माझं मन राखायला म्हणतेस ना?" त्या म्हणाल्या, आणि साडी आणखी खाली ओढली.