डब्ब्यावरचं हळदीकुंकू

चामोर्शीचा शालिकराम जितका तापट, तितकाच भाविक. दोन हजार नऊच्या दसऱ्याला बायकोनं, देवकाबाईनं, पाणी शिंपडून गाडीची पूजा केली आणि त्याची सेकंडहँड पिकअप बंद पडली. मेकॅनिकनं इंजिनाच्या कॉम्प्युटरचा डब्बा उघडला, तर आत पाणी आणि वरच्या नंबरावर तीन वर्षांच्या पूजेचं हळदीकुंकू! नंबर जुळल्याशिवाय दुसरा डब्बा चालणार नव्हता.

"मशीनले आंघोळ काऊन घातली वं?" शालिकराम दिवसभर ओरडला. मग डब्ब्याला हात जोडून त्यानं नंबर दिसेपर्यंत कुंकू खरवडलं आणि नागपूरच्या भंगारबाजारात तीन दिवस भटकून त्याच नंबरचा डब्बा आणला.

चावी फिरवताच गाडी सुरू झाली. शालिकरामला भरून आलं. देवकाबाई "अवो, अवो" करेपर्यंत त्यानं बॉनेट उघडून पाण्यानं भरलेला नारळ थेट नव्या डब्ब्यावरच फोडला.