वाळवीला घातलेला पुठ्ठा

वाळवीचं नाव निघालं की मी विषय बदलतो. का, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतो.

शेणव्याच्या शाळेत मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. मुरबाडला दामूअण्णा म्हणून निवृत्त मास्तर राहत. त्यांना एका शब्दाचं वेड – रौदाज. म्हणजे तांबडा. इंग्रजी, जर्मन ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, तिच्यातलं हे विशेषण. ते लिहिलेलं कुठंच सापडलेलं नाही. आजच्या शब्दांवरून मागं मागं जात पंडितांनी जुळवलेलं. आपलं रुधिर त्याच्याच कुळातलं! आणि गंमत बघा – तांबडा, तांबडी, तांबडं अशी त्यालाही तीन लिंगं. वर कुठल्याशा गाईला एक रूप, नि आपल्या ओळखीच्या गाईला दुसरं. असं का बरं असेल? मी फळ्यावर गणित मांडतानाही तेच घोळवत असे.

हे सगळं ज्या पुस्तकात होतं, ते अण्णांनी मला पावसाळ्यापुरतं दिलं. तालुक्यात ती एकच प्रत – त्यात लढाई लागलेली, विलायतेहून दुसरी येणं बंद. अण्णांचा त्या शब्दावरचा लेख अर्धा झाला होता. तो पुरा करायला दसऱ्याला पुस्तक परत हवं होतं. दिलं का मी? नाही. सोडवेना. हाव होती ती – दुसरं काय म्हणू?

मी पुस्तकाचा पुठ्ठा फाडून काढला. शाळेमागच्या वारुळापाशी ओल्या मातीत ठेवला – आणि रोज जाऊन बघायचो, वाळवीनं किती खाल्ला ते. तेही कुतूहलानंच! मग त्याची चाळण झाल्यावर ते तुकडे घेऊन मुरबाडला गेलो. एवढंच उरलं, म्हणालो.

अण्णांनी तुकडे धोतराच्या सोग्यात घेतले. "जाऊ द्या, मास्तर. वाळवीपुढं आमचं काय चालतंय? तुमी नका जिवाला लावून घेऊ." वर चहा केला. मी प्यालो.

पुढं अण्णा वारल्यावर त्यांच्या मुलीनं लेखाची वही माझ्याकडे पाठवली. ओळखीच्या वस्तूंसाठीच्या रूपांचा तक्ता आखलेला, रकाने कोरे. अंदाजानं भरणं त्यांना पटलं नसणार. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं – "पुस्तक वाळवीनं खाल्लं. शेणव्याच्या मास्तरांस दोष देऊ नये."

रकाने भरायला अर्धा तास पुरे. पुस्तक माझ्या पेटीत आहे, बिनपुठ्ठ्याचं. वहीही तिथंच आहे. तक्ता अजून कोरा आहे.